“नवीन कुठली गोळी सुरू केली होती?”

बडोद्यात लग्नाला गेले की मी भिंतीकडे तोंड करून बसायला शिकले आहे. तरी कुणीतरी गाठतंच. बायका दागिने सरकवून मान दाखवतात, काका शर्टाची बाही वर करतात. एका गृहस्थांनी तर पंगतीत उजव्या हाताने श्रीखंड खाता खाता डावा पाय मोज्यातून काढून माझ्याकडे वळवला होता. हृदयाच्या डॉक्टरला कुणी लग्नात छाती उघडून दाखवत नाही. त्वचेच्या डॉक्टरला मात्र सगळे सगळीकडे सगळं दाखवतात, कारण त्यांच्या मते हा काही खरा आजार नसतो. वरवरचं असतं, मलम लावलं की जातं.

मी या शाखेला गेले तेव्हा बरोबरीचे म्हणाले होते, सुखाची शाखा निवडलीस. ना रक्त, ना धावपळ, ना मरण. सकाळी एका मोठ्या रुग्णालयाचा त्वचाविभाग आणि संध्याकाळी वाडी या जुन्या वस्तीच्या तोंडाशी माझा छोटा दवाखाना, असं माझं सगळं कामाचं आयुष्य गेलं. सुख होतं, नाही असं नाही. पण मरणही होतं, आणि मरणापेक्षा वाईट असंही काही होतं. ते लग्नात सांगता येत नाही म्हणून इथे लिहिते आहे.

दवाखान्यात सगळ्यात जास्त यायचं ते गजकर्ण. आमच्याकडच्या घामट हवेत ते पसरतं, आणि माणूस आधी माझ्याकडे येत नाही, औषधाच्या दुकानात जातो. तिथून मिळालेल्या मलमाने खाज दोन दिवसांत थांबते आणि आजार आतल्या आत फोफावतो. मग मांड्या चिरलेल्या, कातडी पातळ झालेली, अशा अवस्थेत तो येतो आणि म्हणतो, “बेन, आधी तर एकदम मस्त फरक पडला होता.” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की झोपेतही त्याचं उत्तर देऊ शकेन.

दुसरे यायचे ते लपून येणारे. पाटीवर ‘त्वचारोग’ लिहिलेलं असल्यामुळे कोडाचे रुग्ण माझ्या जिन्यावर दिसायला घाबरत. शेजारी दातांचा दवाखाना होता. कित्येक जण गालाला हात लावून तिकडे चालल्यासारखे यायचे आणि पटकन माझ्या दारात वळायचे. एक आई मुलीच्या पायावरचा पांढरा डाग दाखवायला आली ती मुलीला न आणता, मोबाइलवर फोटो काढून. मुलगी कशी नाही आली, असं विचारलं तर म्हणाली, इथे कुणी तिला पाहिलं तर? कातडीचं दुखणं लपवता येत नाही, म्हणून की काय, माणसं त्याच्या आजूबाजूचं सगळं लपवतात. डॉक्टरपासूनसुद्धा. या लपवण्यावर मी कधी हसले आहे, कधी चिडले आहे. स्नेहलनंतर मात्र हसता आलं नाही.

इथली नावं खरी नाहीत. ओळखीच्या खुणाही बदलल्या आहेत. तिने लिहायला परवानगी दिली आहे. तिची आई आता हयात नाही.

स्नेहलबद्दल सांगण्याआधी आजाराबद्दल थोडं सांगायला हवं. त्वचा ओठांपाशी संपते असं आपल्याला वाटतं. ती संपत नाही, आत वळते. तोंडाच्या आतलं नाजूक अस्तर, पापण्यांच्या आतली ओलसर बाजू, लघवीची जागा, हे सगळं तिचंच घराणं. त्याला श्लेष्मल त्वचा म्हणतात. म्हणून त्वचेचे जे खरोखर वाईट आजार आहेत त्यांत कातडीबरोबर तोंड, डोळे, सगळंच सापडतं. त्यातला एक औषधामुळे होतो. सर्रास घेतली जाणारी, हजारोंना चाललेली एखादी साधी गोळी एखाद्यालाच अशी उलटते की त्याचं शरीर स्वतःचीच कातडी परकी समजून टाकून द्यायला लागतं. ‘टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलायसिस’ या त्याच्या लांबलचक इंग्रजी नावाचं आम्ही डॉक्टर ‘टेन’ करून टाकतो. भाजलेल्या माणसासारखी कातडी सुटते, फक्त आग कुठेच नसते. त्यावर पहिला उपाय एकच. गोळी ओळखायची आणि त्या क्षणी बंद करायची. बाकी सगळं त्याच्यानंतर. म्हणून अशा रुग्णाला आम्ही नाव विचारण्याआधी विचारतो, नवीन कुठली गोळी सुरू केली होती?

स्नेहलला माझ्याकडे घेऊन आल्या त्या शैलाताई. त्या निवृत्त शिक्षिका, शहराच्या वासणा भागात राहणाऱ्या, बडोद्याच्या जुन्या मराठी घरातल्या. त्यांच्या सासऱ्यांचे वडील आणि माझे पणजोबा दोघेही संस्थानच्या नोकरीत होते, त्यामुळे आमच्या घरांचं येणंजाणं पिढ्यांचं. त्यांनी फोनवर सांगितलं होतं की आमच्या होणाऱ्या सूनबाईंना गोवर आलाय की काय बघा, लग्न तोंडावर आलंय. त्यांचा मुलगा निखिल आणि स्नेहल यांची गाठ आपल्या मराठी मंडळींच्या वधूवर मेळाव्यात पडली होती.

स्नेहल पंचविशीच्या आतली, एका खासगी कंपनीत हिशेबाचं काम करणारी. वडील धुळ्याकडून येऊन इथल्या रसायनांच्या कारखान्यात लागलेले, बॉयलरवर. घर वाडीतल्या एका गल्लीत. बडोद्यातल्या मराठी माणसांत हे दोन थर आहेत, आणि आम्ही कितीही नाकारलं तरी आहेत. एक आमचा, जुन्या नोकरदारांचा, आणि एक नंतर पोट भरायला आलेल्यांचा. एरवी गणपतीत सगळे एकत्र असतात. लग्न जुळवताना थर दिसतात. स्नेहलच्या आईला या सोयरिकीचा केवढा अभिमान असेल ते मला तेव्हाही कळत होतं.

मुलीने काळा गॉगल लावला होता आणि ओठांवर रुमाल धरला होता. मी दोन्ही काढायला लावले. डोळे लालभडक, पापण्या चिकटलेल्या. ओठांवर काळ्या खपल्या. गळ्याखाली जांभळट ठिपके. घरी चार दिवस आईवडिलांनी देवी आल्या असं समजून उशाशी कडुलिंब ठेवला होता. मी एका ठिपक्याच्या कडेला बोट ठेवून हलकेच सरकवलं. तापल्या दुधावरची साय सरकावी तशी वरची कातडी सरकली आणि खाली ओली लाल जागा उघडी पडली. तिची आईही बरोबर आली होती, ती बघत होती. तिने पदर तोंडात कोंबला.

मी विचारायचं ते विचारलं. आई म्हणाली, काही नाही, तापावर साधी गोळी दिली तेवढीच. ताप आधी आला की गोळी आधी, असं मी विचारलं. ताप आधी, असं उत्तर आलं. मग तापाची गोळी ही गुन्हेगार नव्हती. मी स्नेहलला विचारलं. ती पण नाही म्हणाली. शैलाताई शेजारी उभ्या होत्या आणि काळजीने तिच्या पाठीवरून हात फिरवायला बघत होत्या. मी त्यांना थांबवलं. तिच्या पाठीला आता कुणीच हात लावायचा नव्हता.

त्याच दुपारी तिला दाखल केलं.

टेनच्या रुग्णाला चादरीवर ठेवता येत नाही. चादर चिकटते आणि उचलताना कातडी घेऊन येते. परदेशात त्याला खास महागडी आवरणं मिळतात. आमच्याकडे केळीची पानं. जवळच्या पादरा गावाकडच्या एका शेतकऱ्याच्या बायकोला आम्ही पूर्वी बरं केलं होतं. अशा वेळी निरोप गेला की तो कोवळी पानं कापून पाठवायचा. ती धुऊन, वाफवून निर्जंतुक करून, तेलाचा हात फिरवून अंथरायची. पान गार असतं, गुळगुळीत असतं, आणि सोडताना काही ओढून घेत नाही. आमच्या दक्षाबेन, म्हणजे वॉर्डच्या मुख्य सिस्टर, ही पानं अंथरण्यात इतक्या तरबेज होत्या की शिकाऊ डॉक्टर उभे राहून बघायचे. स्नेहल त्या हिरव्या पानांवर झोपली, अंगावर मच्छरदाणीसारखा तंबू, आणि तिची पाठ, छाती, मांड्या एकामागून एक सुटत गेल्या. दुसऱ्या दिवशी तोंड आतून इतकं सोललं होतं की तिला बोलता येईना. डोळे बंद झाले. डोळ्यांचे डॉक्टर रोज येऊन पापणी आणि बुबुळ एकमेकांना चिकटू नयेत म्हणून काचेच्या कांडीने सोडवायचे. तेवढ्या वेळेला तिचा आवाज यायचा. तो मी इथे वर्णन करणार नाही.

कुठली गोळी ते कळत नव्हतं, पण दाखल झाल्यावर आम्ही बाहेरचं सगळं औषध बंदच केलं होतं. म्हणजे दोन-चार दिवसांत नवीन कातडी सुटणं थांबायला हवं होतं. ते थांबेना. हातांवर नवे ठिपके, तळव्यांवर फोड. मी दुसऱ्या शाखांच्या डॉक्टरांना बोलावलं, रक्त पुन्हा तपासलं. सगळ्यांचं म्हणणं एकच आलं की हिच्या अंगात अजून काहीतरी जातंय.

मी तिच्या आईला एकटीला खोलीबाहेर नेलं आणि पुन्हा विचारलं. शैलाताईंना मुद्दाम घरी पाठवलं होतं. मी आपलं मराठीतून, घरच्यासारखं, समजावून विचारलं. मला वाटत होतं की इतक्या गुजराती बोलणाऱ्या डॉक्टर-नर्सांत मी एक मराठी आहे, तर या बाईला माझ्याशी बोलायला मोकळं वाटेल. ती जमिनीकडे बघत म्हणाली, “नाही मॅडम, कायच नाही.” वडिलांना विचारलं तर त्यांनी बायकोकडे बघितलं. तेव्हाच मला खात्री झाली की गोळी आहे. पण खात्री असून काय करणार? गोळीचं नाव मला ओरबाडून काढता येत नव्हतं.

त्या सुमारास दक्षाबेन मला म्हणाल्या की छोकरी माझ्या हातून नारळपाणी घेते, मम्मीच्या हातून घेत नाही, मान फिरवते, ओठ आवळते. आई मग तिच्या गालाशी बोटं नेऊन विनवते आणि शेवटी चमचा आत जातो. दक्षाबेनना वाटलं होतं की माय-लेकींचं काही भांडण असावं.

मी आईला जेवायला पाठवलं आणि स्नेहलच्या पानाशेजारी बसले. तिच्या उजव्या हाताची बोटं तेवढी अजून शाबूत होती. मी म्हटलं, स्नेहल, मी विचारते, हो असेल तर बोट उचल, नाही तर राहू दे. घरी कुठली गोळी घ्यायचीस? मग तर्जनी उचलली गेली. मी एकेक आजार घेत गेले. फिट? बोट पुन्हा वर आलं. आई अजून देते? ते वर असलेलं बोट तिने खाली आणलंच नाही. तसंच धरून ठेवलं. मग तिने माझा हात पकडला आणि दाराच्या दिशेला ढकलल्यासारखा केला. बाहेर कुणी नव्हतं, पण मला समजलं. ती सांगत होती, शैलाताईंना सांगू नका.

फिट म्हणजे इथल्या भाषेत खेंच. बाकीचं मला नंतर कळलं. कॉलेजात असताना स्नेहलला दोनतीनदा आली होती. जुन्या गोळीने ती सुस्त व्हायची, लग्नात तशी दिसू नये म्हणून वडिलांनी दुसऱ्या शहरातल्या डॉक्टरकडून गोळी बदलून आणली होती. बडोद्यात दाखवलं असतं तर कुणीतरी बघितलं असतं. त्या डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. गोळी एकही दिवस चुकवायची नाही, आणि अंगावर पुरळ आलं तर लगेच दाखवायचं. यातली पहिली गोष्ट आईने मनात पक्की धरली. दुसरी वडिलांकडून तिच्यापर्यंत पोचलीच नाही.

तिची आई जेवून आली तेव्हा मी तिला चादरी ठेवतो त्या खोलीत नेलं आणि दार लावलं. मी ओरडले नाही. म्हटलं, तिला देता ती गोळी मला द्या. तिने पदराची गाठ सोडली. गोळ्यांचं पाकीट होतं, चुरून नारळपाण्यात घालायला काढलेल्या गोळीची पूडही होती.

“याच्यामुळेच झालंय हे,” मी म्हटलं. “रोज देत होतात.”

ती पाकिटाकडे बघत राहिली. तिला ते खरंच ठाऊक नव्हतं. औषधाने असं होतं हे तिच्या डोक्यात कुठेच नव्हतं. मी आजाराबद्दल विचारते आहे आणि ती मुलीचं लग्न वाचवते आहे, असं तिचं सरळ गणित होतं. गोळी बंद केली आणि शैलाताईंच्या देखत खेंच आली तर? म्हणून ती देत राहिली. मुलगी ओठ आवळते ते दुखतं म्हणून, असं समजून देत राहिली.

मी विचारलं, निदान मला का नाही सांगितलंत? मी काही त्यांची माणूस नाही.

“आहात की मॅडम,” ती म्हणाली. “तुम्ही त्यांच्यातल्याच. तुम्हाला सांगितलं म्हणजे त्यांना सांगितल्यासारखंच झालं असतं. दक्षाबेनला एकदा सांगणार होते. पण ती तुम्हाला बोलली असती.”

मी ज्या मराठीवर भिस्त ठेवली होती, त्या मराठीनेच तिचं तोंड बंद केलं होतं. माझं आडनाव, माझी बोली, शैलाताई मला ज्या सलगीने हाक मारत ती हाक, हे सगळं तिने पहिल्याच दिवशी पाहून ठेवलं होतं. या शहरात मी इतकी वर्षं राहिले, आणि मी कुठल्या दारातून आत येते ते मला तिने दाखवलं. मला राग यायला हवा होता. आला नाही. मी तिला दुसरी गोळी देता येते हे सांगितलं, जी कातडीला धक्का न लावता खेंच थांबवते. ती म्हणाली, अशी गोळी असते? आणि भिंतीला टेकून खाली बसली.

शैलाताईंना मी एवढंच सांगितलं की औषधाची रिॲक्शन आहे. त्यांनी तापाच्या गोळीची का, असं विचारलं. मी म्हटलं, रुग्णाच्या घरच्यांखेरीज कुणाला सांगता येत नाही. त्या दुखावल्या असाव्यात.

गोळी थांबल्यावर ठिपके थांबले. पण तोवर अंगावर कातडीपेक्षा जखमच जास्त होती आणि रक्तात जंतू शिरले होते. एकदा तर मी तिच्या वडिलांना मन घट्ट करायला सांगितलं. ते कारखान्याच्या कपड्यांतच उभे होते. म्हणाले, आमच्याकडे एखादं माणूस भाजलं तर त्याला कुठे न्यायचं ते पाठ असतं, इथे तर वाफ नाही, आग नाही, काहीच नाही. त्यांना कशावर चिडायचं ते सापडत नव्हतं. दक्षाबेननी त्या दिवसांत रजा घेतली नाही. पानं येत राहिली, सुकलेली जात राहिली.

स्नेहल जगली. कातडी परत येते, ते तिचं मोठेपण. डागाळलेली, ठिगळठिगळ रंगाची, पण येते. नखं गळून नवी आली. तोंड भरलं, सुरुवातीला पाण्याचासुद्धा तिला तिखट चटका बसायचा, मग तोही गेला. श्लेष्मल त्वचेचं मात्र असं असतं की ती भरते तेव्हा कधी कधी चुकीची भरते. पापण्यांच्या आतली बाजू आक्रसली, पापण्यांचे केस आत वळले आणि बुबुळावर घासत राहिले. अश्रू तयार करणारी जागाच उरली नाही. डोळा सुकला की काच खरवडावी तसा खरवडला जातो. डावा डोळा पांढरा झाला. उजव्याने तिला माणूस आहे की दार आहे एवढं दिसतं. शस्त्रक्रिया झाल्या, दुसऱ्या शहरातही नेलं. एवढंच राहिलं.

निखिल सुरुवातीला रोज यायचा. काचेपलीकडे उभा राहायचा, बोलायला काही सापडायचं नाही, मग कॅन्टीनमधून सगळ्यांसाठी चहा आणायचा. पुढे तो आठवड्याने यायला लागला. मग शैलाताई एकट्याच माझ्या दवाखान्यात आल्या. लग्न मोडायचं ठरवून आल्या होत्या आणि ते मला आधी सांगावंसं त्यांना वाटलं, जसं आपण आपल्या माणसाला सांगतो. त्या वाईट बाई नाहीत. रडत होत्या. म्हणाल्या, “खेंचेचं आम्हाला साखरपुड्याआधीच कळलं होतं. त्यांच्या गल्लीतल्या एका बाईने सांगितलं होतं. आम्ही घरात बसून बोललो, म्हटलं, गोळी घेते, बरी राहते, कुणाच्या घरात काय नसतं. चालवून घेतलं. त्यांना ओशाळं वाटू नये म्हणून बोललो नाही. पण आता डोळ्यांचं कसं करायचं तुम्हीच सांगा.”

मला एवढंच दिसत होतं की चादरींच्या खोलीतलं ते पाकीट, ती पूड, ते आवळलेले ओठ, यातल्या कशाचीच गरज नव्हती. दोन्ही घरांनी एकमेकांचा मान राखला होता.

हे मी स्नेहलच्या आईला कधीच सांगितलं नाही.

त्या बाईने पुढची वर्षं मुलीच्या डोळ्यांत थेंब घालण्यात घालवली. कृत्रिम अश्रूंचे थेंब, जागेपणी दर तासाला, कधी त्याच्याही आत. भाकरी थापता थापता हात धुऊन उठायची. देवळात, रिक्षात, रांगेत, जिथे असेल तिथे मुलीची हनुवटी वर करून थेंब घालायची. दर काही महिन्यांनी दोघी माझ्याकडे यायच्या. आत वळलेले केस काढायला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, आणि तिथून माझ्याकडे, खरं तर विशेष कारण नसताना.

एकदा अशीच ती थेंब घालून बाटलीचं झाकण लावत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, “मॅडम, पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर डोळे राहिले असते का?”

या प्रश्नाला डॉक्टर म्हणून माझ्याकडे उत्तर होतं आणि ते पुरेसं नव्हतं. मी म्हटलं, कातडी कमी गेली असती. आजाराने डोळे तुम्ही आलात तेव्हाच धरले होते, त्यांचं कुणालाच सांगता येणार नाही. हे खरं होतं, मी तिला बरं वाटावं म्हणून बनवलेलं नव्हतं. तिने मान हलवली. पण तिने त्यातलं पहिलं वाक्यच घेतलं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं. स्नेहल शेजारच्या खुर्चीत होती. ती काही बोलली नाही.

मागच्या वर्षी आई गेली. हृदयविकार, एका दुपारी, फारसं काही न दुखता. स्नेहल आता एका कंपनीत फोनवर ग्राहकांशी बोलायचं काम करते. तीन भाषा सफाईने बोलते. थेंब स्वतःच घालते, रिक्षाने एकटी फिरते. मी निवृत्त झाल्यावरही ती घरी येते. दिवाळी अंकासाठी तुझ्यावर लिहू का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाली, लिहा, पण आधी मला वाचून दाखवा. शैलाताईंनाही विचारलं. मीही वासण्यातच राहते, आमचा भाजीवाला एकच आहे. त्या कोथिंबीर निवडत म्हणाल्या, लिहा, नाव तेवढं घालू नका.

स्नेहलला मी वरचं सगळं वाचून दाखवलं. शैलाताईंच्या बोलण्यापाशी आले तेव्हा थांबले, कारण तिला हे माहीत नव्हतं. मी ते वाचलं. डोळे कोरडे, त्यामुळे तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नाही. मग म्हणाली, “आईला सांगितलं नव्हतंत ना?”

“नाही.”

“बरं झालं.”

मी उरलेलं वाचून संपवलं. तिने पर्समधून बाटली काढली, मान मागे टाकून थेंब घातले, रुमालाने गाल टिपले.

“एक राहिलं,” ती म्हणाली. “पहिल्या दिवशी तुम्ही मलाही विचारलंत. तेव्हा माझं तोंड उघडत होतं. मी नाही म्हटलं. आईने सांगितलं नव्हतं तसं म्हणायला, माझं मीच म्हटलं. निखिलच्या आई होत्या ना तिथे. आईला हे ठाऊकच नव्हतं, ती तेव्हा रडत होती, तिचं लक्ष नव्हतं. तिला शेवटपर्यंत वाटत राहिलं की तिने एकटीने लपवलं. त्या दिवशी दवाखान्यात तिने तुम्हाला विचारलं तेव्हा मी शेजारीच होते. तेव्हा बोलायला हवं होतं. नंतरही रोज इतक्या वेळा ती माझ्यासमोर यायची, चेहरा अगदी जवळ. एवढं एक वाक्य मला तिला सांगता आलं नाही.”

मी तिच्या हातावर हात ठेवला. ती कातडी आता खरबरीत आहे, पण शाबूत आहे.

थोड्या वेळाने मी विचारलं, हे छापायचं का?

“हेच छापा,” ती म्हणाली. “जागा कमी पडली तर बाकीचं काढा.”